उरलेला लसूणघास वासरास घालू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
मिश्रशेती प्रसार कार्यालय,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : प्रात्यक्षिकातील मृत गाय पुरू देणे व उरलेला लसूणघास तिच्या वासरास घालू देणे.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने शेतात रोवलेला बोर्ड. २) आपले पत्र, 'जनावर जागेवरून हलवू नये'.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा धान्य गोदामावरचा निवृत्त पहारेकरी असून घरामागे त्याचे मक्याचे लहानसे शेत आहे. मक्यावर मका घेऊन जमीन पार खंगली होती. तेव्हा आपले पर्यवेक्षक ओट्यावर बसून म्हणाले, "काका, मक्यात लसूणघासाचे पट्टे घाला. घास जमिनीला पोसेल, गाईला पोसेल, आणि गाय शेणखतानं मक्याला पोसेल." अर्जदाराच्या पत्नीने विचारले, "आणि आम्हाला?" पर्यवेक्षक हसले व पुढच्या आठवड्यात एक गाभण गाय कानात बिल्ला मारून दावणीला बांधून गेले. गाय गुणी होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

घास असा तरारला की येणारा-जाणारा थांबून बघे. मग आपली माणसे आली व बोर्ड रोवून गेली : 'प्रात्यक्षिक क्षेत्र. पाहणीपूर्वी कापणी करू नये.' अर्जदाराची सगळी नोकरी बोर्ड पाळण्यात गेली आहे. त्याने बांधावर खुर्ची टाकली व राखण सुरू केली. गाय व्याली. तिच्यापुढे वाळलेली मक्याची ताटे आणि समोर हाकेच्या अंतरावर हिरवागार घास. तिच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटत चालले. पत्नी म्हणाली, "अहो, बोर्डाला पोट नाही, गाईला आहे. मूठभर तरी कापू द्या." अर्जदाराने विळा उचलून वळचणीला खोचून ठेवला. तो आपल्या कार्यालयात खेटे घालतच होता. साहेब दौऱ्यावर आहेत, गाडी बिघडली आहे, आणि काका, फोटोत हिरवं दिसलं पाहिजे हं, अशी उत्तरे मिळत गेली.

दव पडलेल्या एका सकाळी गाईचा दोर तुटला. अर्जदार उठून पाहतो तो गाय बोर्डाखालीच उभी राहून खात होती, जन्मात खाल्ले नसल्यासारखी. थोड्याच वेळात तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. पत्नीने जबडा धरून घशात तेल ओतले, शेजाऱ्यांनी पोट चोळले, डॉक्टरला बोलावणे धाडले. तो पोचेपर्यंत गाय पडली होती. डॉक्टर म्हणाला, "उपाशी जनावराला ओला घास भरमसाट मिळाला की असंच होतं. कुणी सांगितलं नव्हतं का?" पर्यवेक्षकांनी सांगितले होते. पत्नीला तर आधीपासूनच ठाऊक होते. ती कापून, उन्हात सुकवून, थोडाथोडा घालणार होती. विळा वळचणीला होता.

अर्जदाराने मृत्यूची वर्दी त्याच दिवशी दिली. उत्तरात दोन आज्ञा आल्या. पाहणी होईपर्यंत जनावर जागेवरून हलवू नये. आणि लाभार्थ्याच्या जनावराने प्रात्यक्षिकाचे नुकसान का केले, याचा खुलासा करावा. शेरा होता, 'कुंपणानेच शेत खाल्ले.' महोदय, गाईवर पोती टाकली आहेत. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत. वासरू नुकतेच चाऱ्याला तोंड लावू लागले आहे, पण दावे सुटले की ते पोत्याखाली तोंड खुपसून आईला ढुशा देते. अर्जदाराने गोदामात बरेच काही पाहिले आहे. हे पाहवत नाही.

तरी विषयात नमूद केल्याप्रमाणे परवानगी

वरील वाक्य अपुरे राहिले, क्षमस्व. अर्ज इथवर येईतो पत्नीने वळचणीचा विळा शोधून काढला. निम्मा पट्टा कापून तिने घास उन्हात पसरला आहे, आणि आता बांधाच्या कडेला गाईसाठी खड्डा खणत आहे. अर्जदार दारापर्यंत गेला. ती मान वर न करता म्हणाली, "लिहा तुम्ही. बसा लिहीत." इतक्या दिवसांत ती अर्जदाराला एक शब्दही लावून बोललेली नाही, आणि हेही लावून बोललेली नव्हती.

सबब, परवानगीची मागणी रद्द समजावी. पाहणीस येण्याचे कष्ट घेऊ नयेत. आज्ञाभंगाची जी काही कारवाई व्हावयाची, ती पत्नीवर न होता अर्जदारावर व्हावी, कारण राखण त्याची होती. खुलासा एवढाच की, गाय भुकेली होती.

खड्डा अजून उथळ आहे व जमीन कठीण आहे. अर्जदार येथेच थांबून फावडे घेत आहे.

आपला,
आजवरचा आज्ञाधारक,
(सही)
दि. ९, सोमवार

सोबत :
१) कानातला बिल्ला जोडलेला नाही. पत्नी कान कापू देत नाही. तो गाईबरोबर जाईल.
२) बोर्ड, एक. खांब परत करता येत नाही. त्याला वासरू बांधले आहे.