रेघ कुणाची

१४ जुलै

प्रिय ताई,

भावोजींचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, लगेच जिना चढायचा हट्ट नको. इकडे माझं ठीक चाललंय. तुझ्या हॉलसाठीचं चित्र मात्र राहिलंच. वेळ मिळत नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. वेळ मिळतो गं.

कंपवाताच्या पेशंटांना मी चित्रं काढायला बसवते, तुला माहीतच आहे. त्यांच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. पंधरा दिवसांपूर्वी त्या समुद्र काढत होत्या. मी सवयीनं त्यांचं मनगट धरलं, तर म्हणाल्या, "सोड. रेघ माझी आहे." मग चष्म्यावरून बघत, "आणि तुझा हात का गं हलतोय? पुढे कर बघू." सगळे हसले. मीही हसले आणि हात एप्रनच्या खिशात घातला.

आमच्या वरिष्ठांनी ते पाहिलं. नंतर चहा घेताना एवढंच म्हणाल्या, "हल्ली तू प्रत्येकाची रेघ सरळ करायला धावतेस. घरी स्वतःचं काही काढतेस का?"

फेब्रुवारीपासून मी ब्रशला हात लावलेला नाही, ताई. लावला की दिसतं.

त्या संध्याकाळी लावला. समोर किटली होती, तीच काढायला घेतली. रेघ नुसती थरथरत होती. चिडले, रडले, कागद फाडले. शेवटी कुठे किटली ओळखू यायला लागली. धड नव्हती, पण मी काढलेली होती. आता रोज बसते.

तेव्हापासून कामावर दुसऱ्यांच्या मनगटाकडे जाणारे हात आवरता येतात. बाईंनी काल समुद्र एकटीनं पुरा केला. लाटा अशा उसळलेल्या की शेजारी बसलेले काका म्हणाले, "बाई, यात होडी घालू नका हो!" मी नुसती बघत बसले. इतके दिवस त्यांच्या कागदावर मला माझाच हात दिसायचा. काल त्यांचा समुद्र दिसला.

माझ्या हाताचं मात्र चित्रं काढून भागणार नाही. गुरुवारी तपासणी आहे. डॉक्टर काय काय करायला सांगतील ते मला पाठ आहे, म्हणूनच एकटीनं जायचा धीर होत नाही. आईला इतक्यात काही बोलू नकोस. भावोजींना सोडून निघणं अवघड आहे, कळतं मला. तरी ये.

घाबरलेली,
तुझी धाकटी