एक बाई मिळाली होती

आप्पा, विद्यापीठाच्या कलासंग्रहालयानं तुमच्या चित्रांसाठी नवं दालन बांधलंय. गेल्या आठवड्यात उद्घाटनाला मला बोलावलं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, आत मंद उजेड आणि समोरच आई. खाली पाटी होती, ‘विश्रांती. मॉडेल अज्ञात.’

विश्रांती कसली? तिच्या अंगात ताप होता. शाहूपुरीतल्या आपल्या माडीवर तुम्ही तिला स्टुलावर बसवलंय आणि ती म्हणतेय, “अंगात कणकण हाय हो, उद्या बसू की.” तुम्ही ब्रश खालीसुद्धा न ठेवता म्हणताय, “उद्या हा उजेड न्हाय मिळायचा. हलू नको.” थोड्या वेळानं ती कोसळली. मी धावत आले, तर तुम्ही दोन्ही हातांनी ईझल सावरून धरलं होतं. “रंग ओला हाय, लांब हो,” हे तुमचं पहिलं वाक्य. आईला मी आणि शेजारच्या काकूंनी उचललं.

ती बरी झाली. चित्राला बक्षीस मिळालं तेव्हा नवं इरकल नेसून हौसेनं प्रदर्शनाला आली. एका पाहुण्यांनी तुम्हाला विचारलं, ही कोण? चित्रात तिचा पदर खांद्यावरून सरकलेला. तुम्हाला लाज वाटली. ती शेजारी उभी असताना तुम्ही म्हणालात, “एक बाई मिळाली होती बसायला.” पाहुणे हसले. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “मी एक बाई व्हय?” तुम्ही बाहेर बघत बसलात. त्यानंतर तिनं माडीवरच्या तुमच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, चहासुद्धा दारातूनच द्यायची. आणि तुम्ही मरेपर्यंत सगळ्यांना तेच सांगत राहिलात, संग्रहालयाला चित्र देतानाही.

मी तिथल्या अधिकारी बाईंना म्हटलं, ही माझी आई आहे, पाटीवर तिचं नाव घाला. त्या गडबडल्या. “मॅडम, सरांनीच तसं सांगितलंय. आता आम्ही कसं बदलणार?” मग चार शब्द बोलायला मला माईकपाशी नेलं. त्यांना तुमच्या आठवणी हव्या होत्या. मी याच सांगितल्या. तुमचा एक म्हातारा विद्यार्थी पुढच्या रांगेतून उठला. “अवो ताई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत्यात व्हय?” मी म्हटलं, “आईपण गेलीय. तिच्याबद्दल काय बोलायचं ते तुम्ही सांगा.” तो खाली बसला. टाळी एकही वाजली नाही. तुमचा समारंभ नासवला, आप्पा, आणि त्याचा मला अजून आनंद होतोय.

काल त्या बाईंनी फोन करून बोलावलं. नवी पाटी लागलीय. आईचं नाव, कुरुंदवाडच्या माहेरच्या आडनावासकट. तुमचं आडनाव मी लावू दिलं नाही. पाटी वाचून निघणार होते, पण समोरच्या बाकावर बसले ती बसलेच. तापानं जड झालेल्या पापण्या, आणि त्यांच्याखालून तुमच्यावर रोखलेला राग. तो तुम्हाला दिसला होता. दिसला आणि तुम्ही तो जसाच्या तसा रंगवलात. माझ्याकडच्या एकाही फोटोत ती इतकी जिवंत नाही.

चित्र चांगलं आहे. हे सगळं लिहून आज तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचायचं ठरवलं होतं. आता नाही वाचणार. चित्राबद्दलचं तेवढं एक वाक्य मला तुम्हाला ऐकवायचं नाही.