रविवारचा शब्द

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांच्या पाठीची जखम सुकत आलीय. मोरीचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. तुझ्या शब्दकोशाच्या कचेरीत नेहमीसारखी गडबड असेलच.

तू रविवारच्या फोनवर सांगितलेला ‘सिली’ हा इंग्रजी शब्द बाबांना फार आवडला. पूर्वी त्याचा अर्थ भाग्यवान, मग भोळा, मग बिचारा आणि घसरत घसरत मूर्ख. डॉक्टरांना, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना ऐकवून झालं. अंथरूण धरल्यापासून ते एवढे हसले नव्हते. मी रोज कूस बदलते, पुसते, भरवते. ते विचारतात, “आज रविवार ना? फोन जवळ ठेव.”

म्हणून मीही वाचनालयात बसून एक शब्द शोधला. ‘रायव्हल’. भरवता भरवता म्हटलं, “बाबा, हा मूळचा लॅटिन. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे, ते रायव्हल. मग एकाच माणसावर जीव लावणाऱ्या दोघांना तसं म्हणायला लागले. आता कुणीही प्रतिस्पर्धी.”

त्यांचा चेहरा उजळला. घास तोंडातच राहिला.

“वा! धाकटीनं कधी सांगितलं हे?”

मी म्हटलं, “सकाळी. तुम्ही झोपला होतात.”

दिवसभर तुझं कौतुक चाललं होतं. मी ऐकत भांडी घासली.

त्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला, तेव्हा मी ‘बाबा झोपलेत’ म्हणाले. ते झोपले नव्हते. उशीला टेकून, केस विंचरून घेऊन बसले होते. मी फोन ठेवला आणि त्यांना सांगितलं, “राँग नंबर.” ते “बरं” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी जेवले नाहीत.

माफी मागायला लिहीत नाहीये. पुढच्या रविवारीही मी हेच करीन, अशी माझी मलाच भीती वाटते, म्हणून लिहितेय.

तू रजा काढून ये. पंधरा दिवस त्यांचं सगळं तू कर. लघवीचं भांडं देणं, जखम धुणं, रात्री उठणं, चिडले की ऐकून घेणं. मी मावशीकडे जाऊन राहते. रविवारी तिथून मी फोन करीन. तो त्यांच्या कानाला लाव, आणि ताईचा आहे हे आधी सांग.

तुझी सख्खी,
ताई