दादाच्या बाजूचं चाक

४ एप्रिल
पुन्हा तेच! दादानं क्लच सोडला आणि मागची चाकं बेडकासारखी उड्या मारायला लागली. नुसता धूर, गाडी जागच्या जागी. हिची मागची दोन्ही चाकं आपापल्या मर्जीनं वरखाली होतात — ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावर एकदम सुटायच्या शर्यतीत, हीच डोकेदुखी. दादा उतरून म्हणाला, "मेकॅनिकबाई, सख्खी बहीण आहेस म्हणून ठेवलंय हं!" हसला, पण धाप लागली होती. महिनाअखेरीच्या शर्यतीत त्याला उतरायचंच आहे. म्हणतो, एवढी एक होऊ दे.

९ एप्रिल
मागच्या चाकांच्या सांध्यांतले मऊ रबरी बुश काढून कडक बसवले. बोटं सोलून निघाली. उड्या थांबल्या! पण आता सुटताना गाडी एका अंगाला जाते. एक मिटलं की दुसरं हजर.

१२ एप्रिल
दादाच्या बाजूचा मागचा टायर फक्त बाहेरच्या कडेला घासलाय. चाक सपाट टेकतच नाही, तर पकड कुठून येणार? हवा कमी केली, शॉक ॲब्झॉर्बर मऊ केला. ढिम्म फरक नाही.

चाकांचा कोन लावताना चालवणारा सीटवर बसलेला लागतो. त्याच्या भारानं गाडी जेवढी दबते, त्यावर सगळं गणित. दादाला बोलावलं तर, "वाळूच्या पिशव्या ठेव की! नेहमी तेच करतेस." खरंय. त्याच्या वजनाच्या पिशव्या मी गेल्या वर्षीच भरून ठेवल्यात. जाडोबा म्हणायचे त्याला.

१३ एप्रिल
काही सुचत नाही. चिडचिड नुसती.

१५ एप्रिल
आज हट्टच धरला. हाताला धरून सीटवर बसवलं त्याला. पिशव्यांनी दबते तेवढी गाडी दबलीच नाही! मी वाकून बघत राहिले. मग त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या उकाड्यात जाड जॅकेट. कित्येक दिवस तेच! सीटचा पट्टा आवळायला घेतला, तर आवळतच राहिले. माणूस रोज समोर असतो आणि मी मेली टायर बघत बसलेय.

"डाएट चाललंय," म्हणाला. मी रडायला लागले.

संध्याकाळी वहिनीनं सांगितलं. पोटात गाठ आहे, पसरलीय. "तुला कळलं तर तू गाडीला हात लावू देणार नाहीस, म्हणून सांगू नको म्हणाले गं."

१६ एप्रिल
डॉक्टर म्हणतात, शर्यत नको. दादा म्हणतो, "गाडी काय त्यांची आहे?" गाढव! मला भाऊ हवाय, चषक नकोय. भांडले. मग त्याच्या गळ्यात पडून रडले. हाडं लागली हाताला.

२० एप्रिल
पिशव्यांतली वाळू काढली. तो कमी झालाय तेवढी. जमिनीवरचा ढीग बघवेना.

नव्यानं कोन लावला. एकदाच म्हणून दादा बसला. सुटली ती सरळच! दादा आनंदानं ओरडला. पण थांबल्यावर त्याला उतरता येईना. मी आणि वहिनीनं धरून काढलं.

२७ एप्रिल
उद्या शर्यत. दादा वहिनीचा हात धरून गॅरेजमध्ये आला. स्टूल ओढून मागच्या चाकापाशी बसला, पाना हातात घेतला आणि म्हणाला, "बस आत. तुझ्या वजनावर लावतो."

बसले.