निवेदनातलं पहिलं वाक्य

आबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि लेखी काय द्यावं हे आज मला तुम्हालाच विचारायचं आहे. मी आफ्रिकेतल्या एका देशात आहे, शांतिसेनेच्या तळावर. शिपाई म्हणून नाही. भांडणाऱ्या दोन गटांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं, अशा विभागात स्वयंसेवक म्हणून आले. कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, "ते शिकून काय तहसीलदार होणार हायस गो?" आपल्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे काय शिकल्यावर काय होतं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. आता फोनवर विचारते, "तिकडं गोळीबार नाय ना?" मी नाही म्हणते. गेले आठ दिवस मला तळाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही, हे तिला सांगितलेलं नाही. माझ्या खोलीच्या खिडकीतून काटेरी तार दिसते आणि तारेपलीकडे, पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. त्या तिथे माझ्यामुळे बसल्या आहेत.

इथे नदीकाठी शेती करणारं एक गाव आहे, आणि वरच्या माळावरून गुरं पाण्यावर आणणारे गुराखी आहेत. गुरं शेतातून जातात. पूर्वी काठ्या निघायच्या, आता बंदुका निघतात. गावातल्या बायकांना बाजाराला जायचं तर गुराख्यांच्या वस्तीवरूनच वाट आहे. ती वाट मोकळी व्हावी म्हणून तीन बैठका झाल्या होत्या, गेल्या आठवड्यात चौथी होती. आमचा दुभाषा इथलाच, पन्नाशीचा माणूस. आधीच्या भारतीय तुकडीबरोबर राहून हिंदी शिकला, मला दीदी म्हणतो आणि वर ऐकवतो, "दीदी, तुमची हिंदी माझ्याहून वाईट आहे." त्या दिवशी गाडीत त्याने मला दोनदा बजावलं. "आज कुणाच्या हातचं काही घ्यायचं नाही. बोलणी संपेपर्यंत ज्याच्या घरचं दूध प्याल, त्याच्या तुम्ही झालात." मी मान हलवली.

झाडाखाली सगळे बसले. गुराख्यांच्या म्हाताऱ्याची बायको भोपळ्याच्या तुंब्यातून दूध घेऊन आली, रीत म्हणून, कुणी घेणार नाही हे ठाऊक असून. तेव्हा गावाकडचा एक म्हातारा म्हणाला, "यांच्या दुधाला धुराचा वास आणि यांच्या पोरांना दुधाचा. आंघोळ करून या, मग बोलू." त्याच्याकडचे सगळे हसले. बाईचा चेहरा पडला, पण तुंबा तिने तसाच पुढे धरलेला. मी दोन्ही हातांनी तो घेतला आणि प्याले. दुभाष्याने माझं कोपर दाबलं, तेही मला कळलं. गावाकडची माणसं एकेक करून उठून निघून गेली. बोलणी मोडली, आणि दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या त्यांच्या बायकांना गुराख्यांच्या पोरांनी वाटेत अडवून मारलं. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या तारेपाशी येऊन बसल्या.

तुंबा तोंडाला लावला तेव्हा मनात तुम्ही होतात, आबा. मी सातवीत होते. गावकीने वरच्या आळीतलं एक घर वाळीत टाकलेलं, बांधाच्या भांडणात ते पोलिसांत गेले म्हणून. त्यांच्याशी बोलायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही. तुम्ही गावाच्या पाण्याचे व्हॉल्व सोडायचात. एके दिवशी पाणी सोडून येताना तुम्ही भर दुपारी त्यांच्या पडवीत बसलात आणि तांब्याभर पाणी प्यालात. संध्याकाळी गावकीची दोन माणसं आपल्या दारात. मला ती खाटेवर बसलेली आताही दिसतात. थोरला म्हणतोय, "चुकून प्यालास, एवढं बोल. विषय संपला." आई आतून डोळ्यांनी तुम्हाला विनवते आहे. तुम्ही तंबाखू मळताय. "चुकून कसं? जाणूनच प्यालो." त्या साली शिमग्याला पालखी आपल्या दारावरून न थांबता पुढे गेली, पुढच्या सालीही गेली. आई दळण डोक्यावर घेऊन पोलादपूरला जायची आणि येताना तुम्हाला शिव्या घालायची. मी मात्र शाळेत ताठ मानेने चालायचे.

इथे मला वाटलं, मीही तसंच काहीतरी करते आहे. आठ दिवस त्या तारेकडे बघून आता कळतंय की तसं नव्हतं. तुम्ही त्या गावात राहणारे होतात. पाणी तुम्ही प्यालात आणि पालखी तुमच्याच दारची चुकली. दूध मी प्याले आणि मार त्या बायकांनी खाल्ला.

आमच्या विभागप्रमुख बाई चांगल्या आहेत. त्यांनी मला बसवून समजावलं. "तू नवीन आहेस. ही प्रथा माहीत नव्हती असं लिहून दे, प्रकरण मिटेल. माहीत असून प्यालीस असं लिहिलंस, तर या आठवड्याच्या विमानाने घरी." मी विचारलं, मग दुभाष्याचं काय? "सूचना देणं हे त्याचं काम होतं," म्हणाल्या. त्याला चार मुली आहेत. धाकटी इंग्रजी शिकते आहे, तिला दुभाषी व्हायचं आहे.

हे सगळं मी तुम्हाला विचारते आहे अशा आविर्भावात लिहायला बसले. पण निवेदन मी दुपारीच देऊन टाकलंय, आबा. त्यातलं पहिलं वाक्य असं आहे: सदर प्रथेची मला पूर्वकल्पना नव्हती.

संध्याकाळी दुभाषा घरी जाताना माझ्या खिडकीपाशी थांबला. "दीदी, लिहिलं?"

"लिहिलं."

"मी बायकोला सांगितलं, ती मुलगी सरळ आहे, घाबरू नकोस." तो हसला. सायकल हातात धरून फाटकाकडे निघाला. फाटक बरंच लांब आहे. तो बाहेर पडेपर्यंत मला हाक मारता आली असती.