सभासद क्रमांक दोन

१ जून, रविवार

आजपासून रोजनिशी, आणि आजपासूनच क्लबचा इतिहास. तोरेमेदिना बास्केटबॉल क्लबला येत्या ऑक्टोबरात पन्नास वर्षं होतात. इतिहास कुणीतरी लिहायला हवा आणि या गावात लिहू शकणारा माणूस एकच आहे. क्लबने अजून मला विचारलेलं नाही. विचारतील. सहाशे पानं पुरावीत. रोज दहा लिहिली की जुलैअखेर विषय हातावेगळा.

मी क्लबचा सभासद क्रमांक दोन. वरचा गेला की खालचा एक घर वर सरकतो, अशी आमची पद्धत. मी सत्त्याऐंशीवरून इथवर आलो ते कुणाचंही वाईट न चिंतता. क्रमांक एक दोन्या ओब्दुलिया (आमच्याकडे मानाच्या बायकांना दोन्या म्हणतात), वय एक्क्याण्णव. मॅचला माझ्या शेजारच्याच खुर्चीत असतात. नव्या मोसमाच्या पहिल्या मॅचला मैदानाच्या मधोमध उभं राहून चेंडू उडवायचा मान यंदा क्रमांक एकला आहे. मला त्याची अजिबात हाव नाही. तरी खांदा मोकळा असलेला बरा म्हणून बाल्कनीत थोडा सराव केला. जिरेनियमची कुंडी गेली.

३ जून

‘क्लबची स्थापना झाली त्या दिवशी मी’ इथपर्यंत आलो. सुरुवात दमदार आहे. मग बायकोने, मिलाग्रोसने, जेवायला हाक मारली. मग वामकुक्षी. इतिहासाला घाई चालत नाही.

१६ जून, सोमवार

आजपासून सभासदत्वाचं नूतनीकरण. मुदत ३१ जुलै. चुकली तर नंबर जातो, खुर्चीही जाते. मेहुणा बेनिग्नो (क्रमांक तीन) म्हणे खिडकी उघडायच्या आधीपासून घडीची खुर्ची टाकून रांगेत बसला होता. हलकी माणसं. मिलाग्रोस म्हणाली, ‘अहो, तुम्हीही जाऊन या, नाहीतर विसराल.’ मी तिला शांतपणे समजावलं की रांग ही दोन हजारांच्या पुढच्यांसाठी असते. क्रमांक दोनला क्लब स्वतः बोलावतो. त्यावर ती म्हणाली, ‘पालखी पाठवतील बहुतेक.’ या घरात इतिहासाची कदर नाही.

२२ जून, रविवार

संशोधनासाठी दोन्या ओब्दुलियांना बारमध्ये व्हर्मुथ पाजलं. आधी तब्येतीची चौकशी. गुडघे कसे आहेत, जिना चढताना दम लागतो का, भूक लागते का. माझ्या वाटचे ऑलिव्हही त्यांनी खाल्ले, म्हणजे लागते. मी आणखी रक्तदाबाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘काय रे, इतिहास लिहितोयस की माझा मृत्युलेख?’ सगळा बार हसला. बेनिग्नो जरा जास्तच.

मग त्या सुटल्याच. पहिल्या बास्केट त्यांच्या सुतार नवऱ्याने लोकरीच्या गोदामात ठोकल्या होत्या, त्यातली एक वीतभर खाली बसली. आमचे लोक पहिल्या हाफमध्ये त्या खालच्या बास्केटवर हाणायचे आणि मध्यंतरानंतर बाजू बदलली की गोदामातले दिवे जायचे. असले किस्से दीड तास. मी काहीच टिपून घेतलं नाही. माझा ग्रंथ गंभीर आहे.

निघताना त्यांनी विचारलं, ‘नूतनीकरण केलंस का रे?’ वय झालं की माणूस क्षुल्लक गोष्टींत अडकतो.

९ जुलै

उकाडा. या उकाड्यात कुणीही इतिहास लिहिलेला नाही. ‘त्या दिवशी मी’च्या पुढे ‘स्वतः’ हा शब्द घातला. वाक्याला वजन आलं.

२१ जुलै, सोमवार

क्लबमधून फोन! ग्रंथाबद्दलच असणार म्हणून घसा साफ करून घेतला. ऑफिसातली चारो होती. म्हणाली, ‘काका, तुमचं नूतनीकरण राहिलंय, उगाच शेवटच्या दिवसावर नका नेऊ.’ म्हणजे अखेर क्लबने मला बोलावलंच. तिला म्हटलं, बघतो. इतक्यात होकार दिला तर किंमत राहत नाही.

३० जुलै

उद्या नक्की.

३१ जुलै, गुरुवार

सूट घातला. अध्यक्षांना दाखवायला इतिहासाचं पान (पहिलं) सोबत घेतलं. वाटेत बेनिग्नोने हाक मारली, ‘दाजी, एवढा सूट घालून कुणाच्या लग्नाला?’ त्याचा गैरसमज दूर करायला एक व्हर्मुथ लागलं. मग डॉमिनोला चौथा भिडू कमी होता. जिंकलो. क्लबवर पोचलो तो शटर खाली. उन्हाळी वेळ, दोनपर्यंतच. जन्म इथे गेला आणि हे मी विसरलो, कारण डोक्यात पन्नास वर्षांचा इतिहास होता.

काळजी नाही. आपल्या देशात मुदत पाळली गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वाढवतील.

ऑगस्ट

सगळं बंद. आम्हीही समुद्रावर. पान सोबत नेलं होतं. वाऱ्याने उडालं. आठवणीतून पुन्हा लिहिलं, आधीच्यापेक्षा सरस.

१ सप्टेंबर, सोमवार

मुदत वाढवली नव्हती.

चारोला म्हटलं, पोरी, मी क्रमांक दोन. ती म्हणाली, ‘काका, मी दोनदा फोन केला होता.’ दुसरा बहुधा वामकुक्षीच्या वेळी आला असेल. कॉम्प्युटरने नवा नंबर दिला: दोन हजार तीनशे सोळा. खुर्ची वर, शेवटच्या रांगेत, खांबामागे. अध्यक्षांकडे गेलो. प्रेमाने बोलले, पण एकासाठी नियम मोडला तर गावभर मोडावा लागेल म्हणाले. मग मी ग्रंथाचा विषय काढला. तर म्हणतात, इतिहास झालाय की! दोन्या ओब्दुलियांनी एका संध्याकाळी सांगितला, चारोने रेकॉर्ड केला, लोक हसून हसून दमले.

घरी आलो. मिलाग्रोसने नुसतं ताट वाढलं. ती टोमणा मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिली मॅच. वरून माणसं अंगठ्याएवढी दिसतात. खांबाच्या डावीकडून अर्धं मैदान, उजवीकडून उरलेलं. माझ्या खुर्चीत बेनिग्नो, क्रमांक दोन. दोन्या ओब्दुलिया काठीशिवाय चालत मधोमध गेल्या आणि चेंडू असा उडवला की पंचाला मान मागे टाकावी लागली. गुडघे उत्तम आहेत. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही. टाळ्या मी जरा जास्तच वाजवल्या, का ते कळलं नाही.

शेजारची बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. मूठभर माझ्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, ‘पहिलंच वर्ष का हो तुमचं?’ मी मान डोलावली. कार्डावर तसंच छापलंय. मग तिने मला क्लबचा इतिहास समजावून सांगितला. बराच चुकीचा होता, पण संपूर्ण होता. शेवटी खाली बोट दाखवून म्हणाली, ‘त्या म्हातारीशेजारी आधी दुसरे एक आजोबा बसायचे, नंबर दोन. यंदा तिसरा वर सरकला, म्हणजे ते गेले बिचारे. तसे चांगले होते हो. थोडे चिकट, पण चांगले.’

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. विचारलं, खूप चांगले होते का?

‘आता गेलेल्या माणसाबद्दल वाईट कसं बोलायचं?’ ती म्हणाली, आणि सालं माझ्या बुटावर थुंकली.