म्हातारपण अडवणारं दार

प्रिय आई,

"राजाचं घर काय बघायचं? तोही मेलाच की!" लहानपणी मी सोलचा राजवाडा बघायचा हट्ट धरला, तेव्हा तू म्हणाली होतीस. काल शेवटी ते घर पाहिलं. तू येशील म्हणून काढलेलं तुझं प्रवेशाचं तिकीट तेवढं वाया गेलं. पण मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

बागेतले मेपल लाल झालेत. तळ्याजवळ एकाच दगडातून कोरलेलं दार आहे. "यातून जाईल तो म्हातारा होत नाही," माहिती सांगणारी मुलगी म्हणाली. पुसानहून आलेल्या एका आजीने नवऱ्याला ढकललं, "तुम्ही दोनदा जा हो, तुमचं एकदा जाऊन भागायचं नाही!" सगळे हसले. मीही हसले.

माझा नंबर आला आणि पाय उचलेना. वडीलधाऱ्यांच्या आधी चमचासुद्धा उचलायचा नाही, हे तूच शिकवलंस. मग तुझ्याआधी या दारातून कशी जाऊ? मी बाजूच्या वाटेने गेले.

छातीतली गाठ दुखते का गं? दादा फोनवर नीट सांगत नाही. रात्री झोप लागते ना?

तुझ्या ऑपरेशनला इथल्या डॉक्टरांनी पुढचा सोमवार दिलाय. "वर्षाची किमची घातल्याशिवाय घर सोडायची नाही," हेच तू म्हणणार, ठाऊक आहे मला. तरी सांगते. यंदा कोबीला वहिनीला मीठ लावू दे, खारट झाली तर खारट खाऊ. तू रविवारच्या गाडीने ये.

तुझी धाकटी,
ह्येरान